अर्थिंग

पुन्ता अरेनासमध्ये वारा गाडीचं दार उघडू देत नाही,
आणि उघडलंच, तर बिजागरीसकट मागतो.
बाबांच्या टॅक्सीच्या उजव्या दारातली वायर
अशीच कधीतरी आतल्या आत तुटली.
गाडी घेतली तेव्हाच तुटलेली असणार. कुणी बघितलं नाही.
ठरलेला रस्ता, दिवसाच्या अठरा फेऱ्या,
मांडीला मांडी लावून बसलेली चार अनोळखी माणसं,
आणि डाव्या दारातून येणारं
अर्धं गाणं.

पहिला पगार झाला तशी मी फ्री झोनमध्ये गेले.
दारांसाठी दोन स्पीकर, मागच्या काचेखाली दोन अंडाकृती,
आणि एक अ‍ॅम्प्लिफायर, विटेएवढा,
वजनालाही वीटच.
"एवढ्यात चार टायर आले असते," बाबा म्हणाले.
खरं होतं ते.
टायर पार गुळगुळीत झाले होते.

रविवारी द्रागोच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दाराचं पॅनल उचकटलं.
आत दहा पेसोंची तीन नाणी,
कुणा प्रवासिणीचं एकुलतं कानातलं,
चॉकलेटचा कागद (माझाच असावा),
आणि जुन्या स्पीकरचा पडदा,
हात लावला तर भुगा.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज,
मग लाल वायर इंजिनमागच्या रबरी भोकातून आत.
मी बाहेरून ढकलतेय,
बाबा सीटखाली उताणे, आतून चाचपडताहेत.
"आली का?"
"नाही."
"आता?"
"थांब यास्ना. हं. बोट धरलंय तिचं."

इंजिन चालू केलं, तर स्पीकर कण्हायला लागले.
अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कण्हणं वर चढायचं,
सोडला की खाली,
कॅसेट घातलेलीच नसताना.
"पैसे परत देतात का ते?" बाबांनी विचारलं.
द्रागो चहाचा कप न ठेवताच म्हणाला,
"अर्थिंग बघ."

काळी वायर मी रंगावर आवळली होती.
सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली मी.
पॉलिश पेपर घेऊन घासत बसले:
आधी पांढरा गेला, मग करडा,
मग पत्रा दिसला, नाण्याएवढा,
कपडे बदलताना कुणी दार उघडावं तसा.
तिथे वायर कसली,
आणि सगळं गप्प.
इतकं, की शेडबाहेरचा वारा ऐकू आला.
अर्थ नीट लागला की कण्हणं थांबतं;
कोर्सच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नव्हतं.

बाबांनी उन्हाच्या झडपेमागून कॅसेट काढली.
तीच. चिलोएहून बोटीनं आलेली,
आजीनं चर्चच्या हॉलमध्ये वाजवलेलं अकॉर्डियन.
बाबा तेव्हा इकडे, कत्तलखान्यात, रात्रपाळीला.
घरी टेप कधीच नव्हता, जे काय ऐकलं ते गाडीत.
मला ती तोंडपाठ,
मधल्या खोकल्यासकट.

अकॉर्डियन सुरू झालं, डावीकडे, नेहमीसारखं,
आणि उजव्या दारातून
गिटार आली.

बाबांचा हात हँडब्रेकवर तसाच राहिला.
गिटार दोनदा चुकली, मग सावरली,
आजी तिच्यासाठी एक मात्रा थांबलीसुद्धा.
ती थांबायची ते मी लहानपणापासून ऐकत होते,
मला वाटायचं, श्वास घेत असेल.
"एलादियो," बाबा म्हणाले.
होडीच्या वाटणीवरून ज्याच्याशी बोलणं तुटलं,
ज्यानं मरेपर्यंत एक ओळ पाठवली नाही,
तो काका.
"म्हणजे आला होता तर."
द्रागोनं कप खाली ठेवला.
दुसरी बाजू कुणी लावली नाही.

गुरुवारी मी त्यांच्याच टॅक्सीत बसले, पूर्ण भाडं देऊन.
बॅलन्सचं बटण डावीकडे, अगदी टोकाला.
उजवं दार मुकं.
मी विचारलं नाही. सामान शंभर टक्के चालू होतं,
एवढं मला ठाऊक होतं.
शेवटच्या थांब्यावर मागची बाई उतरली,
वाऱ्याशी झटापट करून तिनं दार लावलं.
बाबांनी आरशात पाहिलं, मागे कुणी उरलं नव्हतं.
"टायर पुढच्या महिन्यात," ते म्हणाले,
आणि बटण
हळूहळू मधोमध आणलं.