जरा म्हणजे किती

शहाबादी फरशीवर काळी टेप चिकटवली
तर रोबो टेप सोडून
दोन फरश्यांमधल्या फटीमागं निघाला,
थेट भिंतीपर्यंत,
आणि भिंतीला डोकं लावून चाकं फिरवत राहिला.
मन्मथ म्हणाला, "कामून असं करायलंय ते?"
त्याचं काही चुकलं नव्हतं.
काळं दिसेल तिकडं जा, असं मीच लिहिलं होतं;
कुठलं काळं, ते लिहायचं राहिलं होतं.

मग तय्यबाच्या भावानं फ्लेक्स आणून दिला,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा, बारा बाय आठ.
उलटा अंथरला. पाठ पांढरीफेक.
खाली सगळे शुभेच्छुक पालथे झोपलेले,
वर आमची टेप, तिची सात वळणं.

पाच घेतली. सहाव्याला बाहेर.
पुन्हा पाच. पुन्हा बाहेर.
कोटलवार बाई पोषण आहाराच्या रजिस्टरातून
मान वर न काढता म्हणाल्या,
"जरा डावीकडं घ्या की त्याला."

जरा.
मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले.
आई म्हणते, दुधाकडं जरा बघ,
आणि मला कळतं, बघायचं म्हणजे गॅस बंद करायचा.
अप्पा म्हणतात, जरा येतो,
तेव्हा भाकरी झाकून ठेवायच्या असतात.
मीठ जरा. आवाज जरा. पोरीच्या जातीनं जरा.
इतक्या वर्षांत कुणी आकडा सांगितला नाही,
आणि हा डालड्याच्या पत्र्याचा, दोन मोटारींचा,
आकड्याशिवाय हलत नाही.

वीस लिहिलं. कमी.
ऐंशी लिहिलं तर जागेवरच गिरक्या.
साठ. पन्नास. लाईट गेली.
लॅपटॉपच्या उरलेल्या उजेडात पंचेचाळीस.
चाळीसला तो वळला,
रोजच्या गल्लीत माणूस वळतो तसा, न बघता.
वहीत लिहिलं: जरा = ४० मिलिसेकंद.
तय्यबानं खाली सही केली, तारखेसकट.

नांदेडच्या हॉलला उंच खिडक्या.
ऊन पार ट्रॅकवर सांडलेलं,
सेन्सरला काळं काळंच दिसेना.
तय्यबानं ओढणीची सावली धरली.
पंच म्हणाले, हे चालणार नाही.
चार मिनिटं होती.
पांढऱ्याचा आकडा बदलला, काळ्याचा बदलला,
चाळीसला मी हात लावला नाही.

सहावं वळण घेतलं त्यानं.
मन्मथनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला.
सातव्याआधी उन्हाचा पट्टा आडवा पडला होता.
त्याच्या काठावर थांबला,
पाण्यापुढं करडू थांबतं तसा,
आणि शिट्टी वाजली.
एकोणीस शाळांत अकरावे.

परतीच्या गाडीत कंडक्टर ओरडला, "जरा सरका!"
आणि अख्खी गाडी सरकली.
कुणी वीतभर, कुणी नुसता गुडघा,
एका म्हाताऱ्यानं कोंबडीची पाटी मांडीवर घेतली.
दारातल्या बाईला पुरेल एवढी जागा झाली,
बोटभर जास्त नाही.
मी खोका पोटाशी धरून
कोण किती सरकलं ते मोजत होते.
मोजून व्हायच्या आत मुखेड आलं,
आणि पुन्हा सगळे सरकले.