कालचा गोळा

क्लेमेंतिनने दिवाडीहून पाठवला,
केळीच्या पानात गुंडाळून,
सुदिनच्या हाती, शेवटच्या फेरीबोटीने.
निरोप एवढाच :
ह्याला उपाशी ठेवू नकोस.

मी सावंतवाडीची.
आमच्या घरात पाव यायचा तो तापकऱ्यासाठी,
चहात बुडवून, दोन दिवस.
इथं नार्व्यात मात्र पहाटे पोदेराचा भोंगा वाजायचा
आणि पालवी झोपेतच हात पुढे करायची.
यंदा पोदेराचा मुलगा कतारला गेला.
सायकल त्यांच्या पडवीत टेकून आहे,
टोपलीत कोंबडी अंडी घालते.

म्हणून हा गोळा.
रोज मूठभर पीठ, घोटभर पाणी.
ओव्हन नाही.
जाड बुडाच्या टोपात मीठ पसरायचं,
मिठावर ताटली, ताटलीवर पाव,
झाकणावर करवंटीचे निखारे.
पहिला पाव सुदिनने हातात तोलला,
म्हणाला, बोट बांधायला चालेल.
दुसऱ्या वाढदिवसाचं बातक
मधोमध खचलं.
खळग्यात मी गुळाचा पाक ओतला,
तर जो तो म्हणाला, मला मधला तुकडा.

कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहून ठेवलंय
परसातलं सगळं :
अडुळसा कुंपणाला, ओवा डब्यात,
भिरंडेल टाचांना आणि पायांच्या तळव्यांना,
जायफळ उगाळून, पण दोनच वेढे.
खाली सुदिनचं अक्षर :
हसू आलं तरी द्यावं.

गुरुवारी संध्याकाळी पीठ मळून ठेवलं
आणि पालवी खोकली.
एकदा. मग मोजणं सोडून दिलं.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर धरून
आधी माझ्या गालाला, मग तिच्या छातीला.
अडुळशाचा वाफवलेला रस, मधाचं बोट.
तिनं तोंड वाकडं केलं आणि बोट चावलं,
तेवढ्यानंही मला बरं वाटलं.
तळव्यांना भिरंडेल चोळत सुदिन
तिला बोटीच्या गोष्टी सांगत राहिला,
ज्यात बोट नेहमीच वेळेवर सुटते.

अडीच वाजता थर्मामीटरमध्ये एकशे तीन.
फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती.
कॅलेंडर उलटून पाहिलं मी, खरंच पाहिलं.
ह्याच्यापुढे त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

स्कूटरवर ती आमच्या दोघांच्या मध्ये,
डिचोलीपर्यंत एकही शब्द नाही.
सिस्टरने विचारलं, घरी काय दिलंत?
मी मान खाली घालून सांगितलं,
ओवा, अडुळसा, तेल.
ती हसली नाही.
कागदावर सरळ ओळीत लिहून घेतलं तिनं,
तापाच्या आकड्याच्या शेजारी : ओवा.
मग मास्क लावला.
धूर वर चढत होता
आणि त्याच्या खालून, फ्रॉकच्या गळ्यातून,
माझ्या तव्याचा वास येत होता.

शनिवारी दुपारी घरी आलो.
पीठ मी विसरले होते.
ते कोणासाठी थांबलं नव्हतं.
झाकण उचलून, टोपाच्या कडेवरून उतरून
ओट्यावर पसरलं होतं,
आंबट, फुसफुसत,
जणू घर राखायला कोणी जागं होतं.
सुदिन म्हणाला, टाकून दे.
मी आधी त्यातून मुठीएवढं तोडून वाटीत ठेवलं,
उरलेलं थापलं,
मिठावर ठेवलं, निखारे फुंकले.

पाव चपटा झाला, एका बाजूने काळा.
पालवी सुदिनच्या मांडीवर होती,
हाताला अजून पट्टीचा चिकट डाग.
दोन दिवसांत तिचं पहिलं सबंध वाक्य :
कड नको, मऊ दे.

कड मी खाल्ली.
जरा जास्तच आंबट होती.
औषधाच्या बाटल्या कॅलेंडरखाली मांडल्या,
वेळा लिहिल्या, सकाळ, दुपार, रात्र,
आणि वाटीतल्या गोळ्याला
मूठभर पीठ घातलं.