गोरेवाड्याच्या काठावर

बरणीत बोटाएवढी मासोळी.
पाठीवरचे काटे मोजतोय मी,
सोळा की सतरा,
ती वळते, पुन्हा एकपासून.
पुस्तक म्हणतं, अंगावर निळे पट्टे.
हिच्या अंगावर नुसती राख.

नान्हेबाई जाळं झटकतात :
"भेली थे, बाप्पा. रंग सांडला तिचा.
काटे काहून मोजता?
कुठं बसली होती, थे सांगा."

शेवाळाखाली, फुटक्या कवेलूच्या पोटात,
जिथं ऊन पोचेस्तोवर हिरवं होतं.

"मंग थेच."

थेच म्हणजे कोण, ते काही बोलल्या नाहीत.
मी कवेलूचा तुकडा बरणीत सोडला.
मासोळी त्याच्या सावलीत शिरली,
आणि शेपटीकडून, सावकाश,
निळी व्हायला लागली.

"पाहून झालं? सोडा आता.
अन् बरनी वापस करा,
लोणच्याची हाय."