झेरॉक्स, आरपीडी क्रॉस

पानाला दोन रुपये. दर सगळ्यांना तोच.

सकाळी कॅम्पातल्या शाळेचा मुलगा आला,
वडील गाडीतच, इंजिन चालू.
बुद्धिबळ, रोबोटिक्स, दिल्लीतलं भाषण,
प्राचार्यांचं पत्र, त्याला लहानपणापासून ओळखत असल्यासारखं.
बेचाळीस पानं. पाठपोट काढू का, विचारलं.
नको म्हणाला, जाड दिसू दे.

दुपारी प्रणोती मुतगेकर. खानापूरची बस चुकवून.
चार पानं.
शिकली मराठीत, दाखला कन्नडात,
फॉर्म इंग्रजीत.
मार्क त्याच्याहून सात जास्त.
मला दिसतात, काच माझी आहे.

काका, 'इतर उपक्रम' म्हणजे काय लिहायचं?
घरी काय करतेस?
बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याकडे
आईच्या वतीनं मीच बोलते कन्नडातून.
सगळ्या गल्लीच्या वतीनं, खरं तर.
मग तेच लिही की.
हसली. त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

मी काच पुसली. स्वच्छच होती.

आठ झाले. तिनं दहा दिले.
सुटे नव्हते माझ्याकडे.
राहू द्या, म्हणाली,
एक कोरा कागद द्या त्याच्यात.

घडी न घालता घेऊन गेली,
वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून.