शेवटचा थांबा

विल्मरने तक्ता केला होता.
उभ्या रकान्यांत वस्त्या : कालेवा, पिस्पाला, हेर्वांता.
आडव्या ओळींत भाडं, दवाखाना,
आणि शाळा घरापासून किती पावलं.
मिनिटं नव्हे, पावलं,
तीही सहा वर्षांच्या मुलीची.
ग्वायाकिलच्या उकाड्यात पंख्याखाली बसून
आम्ही फिनलंडातल्या एका शहराला गुण देत होतो,
जणू परीक्षेला ते बसलंय
आणि पेपर आमच्या हातात.

पिस्पालातली लाकडी घरं
दोन तळ्यांमधल्या कण्यावर दाटीवाटीने उभी.
पाहताक्षणी मी मनात पडदे लावले,
भाडं ऐकून
तसेच उतरवले.

कालेवात मालकीणबाईंनी विचारलं, मुलं किती?
दोन.
शांत आहेत ना?
नेमकी तेव्हाच दारियोने जिन्यात शीळ घातली,
घुमते का बघायला.
घुमली. पाचव्या मजल्यापर्यंत.
बाई गोड हसल्या
आणि किल्ली पर्समध्ये परत गेली.

मग मी तक्त्याची घडी घालून खिशात टाकली
आणि संध्याकाळच्या वस्त्या बघत हिंडू लागले.
नोव्हेंबरातली संध्याकाळ म्हणजे साडेतीन.
दुपारचं घर काय, कुणीही दाखवतं.
मला बघायचं होतं
अंधारात इथे कोण कोण घरी परततं,
आणि कसं.

हेर्वांता. ट्रामचा शेवटचा थांबा.
करड्या इमारती, एक झाकावी आणि दुसरी काढावी.
मागे थेट जंगल.
एक मुलगा उतरला, आठ-नऊ वर्षांचा.
गळ्यात दोरीला किल्ली,
दप्तराला रिफ्लेक्टर, पावलागणिक लुकलुकणारा.
एकटाच.
मी आजूबाजूला पाहिलं, याला न्यायला कोण आलंय?
कुणी नाही.
आमच्याकडे असं मूल सोडणाऱ्या आईचं नाव
गल्लीने सात पिढ्या चघळलं असतं.
मी निघाले त्याच्यामागून,
दहा पावलं राखून,
त्याच्यासाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

तो थांबला. वळला.
आधी त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला,
मग शाळेतल्या घोटीव इंग्रजीत :
तुम्ही हरवलात का?

खरं उत्तर फार लांबलचक होतं.
मी म्हटलं, हो.

त्याने मला पुन्हा थांब्यापर्यंत आणून सोडलं,
ट्राम येईतो उभा राहिला,
आणि हात न हलवताच गेला.

घर तिथेच घेतलं. तक्त्यात ते चौथं होतं.
विल्मर अजून विचारतो, त्या पोरामुळे ना?
मी म्हणते, भाड्यामुळे.
खोटं दोन्हींतलं काहीच नाही.

सगळं गोड आहे असंही नाही.
वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री भांडतो,
स्वतःशीच.
जानेवारीत नायेली सात आठवडे वर्गात मुकी होती.
तिच्या बाई म्हणाल्या, ऐकतेय ती,
आणि विषय संपवला.
आई फोनवर विचारते, शेजार कसा?
शेजारच्या सिर्काबाई अकरा महिन्यांत तीनदा बोलल्या,
त्यातलं एक वाक्य हातमोज्याबद्दल :
तुमच्या मुलीचा असेल, कुंपणाच्या खुंटीवर लावलाय,
तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.
आईला मी सांगते, चांगला आहे.
ती म्हणते, मग जेवायला का नाही बोलावत?
याचं उत्तर मला अजून
कुठल्याच भाषेत येत नाही.

आज सकाळी नायेलीने मला दारातच अडवलं.
किल्ली गळ्यात, रिफ्लेक्टर दप्तराला.
तू खिडकीतूनच बघ, म्हणाली.
आणि लपून.

बाहेर ऑक्टोबरचा न उजाडलेला उजेड.
शाळा सहाशे चाळीस पावलं.
मी पडद्याआडून मोजू लागले,
ओठ हलवत, जपमाळ ओढावी तसे.
दोनशे बाराला
ती बर्चच्या झाडांआड गेली.