इंग्रजी आठ

पुतण्यानं गाडी उद्यमबागेत आणली तेव्हा
पुढचे दोन्ही टायर खाल्लेले, मागचे कोरे.
"चोर्ल्याच्या वळणावर टर्बो जागा हुतोय, काका,
आणि आतलं चाक जाग्यावर फिरत बसतंय.
धूर हुतोय नुसता.
स्टेअरिंग तर हातातनं वढून घेतंय."

म्हटलं, रुद्रेश, डिफरन्शियल उघडं आहे तुझं.
इंजिननं दिलेलं दोघांत वाटायचं, एवढंच त्याचं काम,
पण वाटणारा भोळा.
जे चाक घसरतं, सगळं फिरणं त्याच्या पदरात.
ज्याची डांबरावर पकड आहे
ते राहतं उभं.

बोललो आणि बत्तीसचा पाना शोधायला वाकलो.

व्हिडिओ लायब्ररी, मग खानापूरला काजूची भट्टी,
मग गोव्याला जाणारी एक ट्रॅव्हल्स.
दादा तीनदा घसरला,
तिन्ही वेळा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले.
मी लेथवर होतो.
माझी पकड बरी होती.

शनिवारी गिअरबॉक्स खाली घेतला.
बसलिंग जॅकपाशी, "निधान, मामा, निधान",
जणू आत कुणी बाळंतीण आहे.
ट्रेमधल्या तेलात चुंबक फिरवलं,
वर आली ती राखाडी लव.
नवं डिफरन्शियल कोईमतूरहून आलेलं, लाकडी खोक्यात,
आत चकत्या एकाआड एक,
एक खरखरीत, एक पोलादी, एक खरखरीत;
एक चाक सुटायला लागलं की या एकमेकींना धरतात
आणि उरलेला जोर पलीकडच्याला देतात.
"म्हणजे पंचायत," बसलिंग म्हणाला.
पंचायत नाही रे. पंचायतीत कोण कुणाला देतं.

मोठी चक्री बसेना. ठोकायची नसते ती, तापवायची.
शहापुरात लोहाराच्या भट्टीचा भरवसा नाही,
म्हणून हेरेकरांच्या बेकरीत नेली.
खारीच्या दोन ट्रेंच्या मध्ये ठेवली अर्धा तास.
फडक्यात धरून पळत आणली, अलगद सरकली,
आणि वर्कशॉपभर तुपाचा वास.
बोल्ट सगळे नवे. समोरासमोरचे आवळायचे,
शेजारशेजारचे नाही.
मग डायल गेज, मग वॉशर, मग परत गेज,
काटा केसाएवढा हलतो
आणि त्या केसासाठी सगळं पुन्हा उघडायचं.
दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा रुद्रेश घरी गेला.

आता चकत्या रुळवायच्या.
मच्छ्याला बंद पडलेल्या फौंड्रीचं आवार आहे,
रात्री कुत्र्यांशिवाय कोणी नसतं.
हळू, पहिल्या गिअरमध्ये, आठ काढत राहायचं.
"कुठला आठ?" बसलिंगनं विचारलं.
इंग्रजी. मराठी काढशील तर भिंतीत जाशील.
"आमचापण उघडाच हाय," म्हणाला,
आणि धुळीत बोटानं दोन्ही काढून दाखवले.

फाटकाशी स्कूटरचा दिवा आला, विझला.
दादा. डबा घेऊन.
आत येईना. मला वाटतं अकरा वर्षं झाली.
रुद्रेश माझ्याकडं न बघता म्हणाला,
"वजन लागतंय का गाडीत? बाबांना मागं बसवू?"
मागं नको, म्हटलं.
वजन पुढच्या चाकांवर पडलेलं बरं.

तो बसला. पट्टा लावताना त्याचा हात थरथरत होता,
की मलाच तसं दिसलं, दिवा अंधुक होता.
पहिलं वळण घेतलं आणि खालून आवाज,
कट्, कट्, कटकट्,
दात खाल्ल्यासारखा.
"मोडलं?"
नाही. ही असंच बोलतात.

डावीकडं, मग मध्ये, मग उजवीकडं.
हेडलाइटमध्ये साच्यांची रास, कुत्रं, बसलिंग, परत रास.
डबा त्याच्या मांडीवर होता, धरून बसलेला.
बहुधा चौदावा आठ पुरा होताना
दादा एवढंच म्हणाला,
"कटकट कमी हुत न्हाई की."

न्हाई हुत, म्हटलं.
एवढी ऱ्हातेच.