डावं सील

तीनशे डॉलरला घेतली मी ती,
टिडियूटच्या एका कोठारातून, पेंढ्याखालून,
चार चाकांची, दोनशे सीसी, टू-स्ट्रोक.
किक मारावी तर पाय दगडावर आदळल्यासारखा.
ट्रेंटचे वडील म्हणाले, पोरानं तेल न मिसळता
नुसतं पेट्रोल भरलं. दुसरं काय.
पोरगं मागे उभं, सोळा-सतरा वर्षांचं.
'मिसळलं होतं,' एवढंच म्हणालं
आणि ट्रेलरचे पट्टे आवळू लागलं.

मी दात बनवते. कवळ्या, कॅप, ब्रिज,
वॉरनच्या लॅबमध्ये, एकोणीस वर्षं.
मिलिमीटरचा दहावा भाग बोटांना कळतो,
इंजिनातलं मात्र ओ की ठो नाही.
ते कळतं शेजारच्या व्हर्ना कोस्टेल्निकला,
वय त्र्याहत्तर, उजव्या कानाने बहिरी.
तिच्या गॅरेजात हीटर एकच,
तोही तिच्याच पायाशी.

तिने आधी टाकीतलं पेट्रोल
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढून खिडकीत ठेवलं.
मग हेड. मग सिलिंडर वर ओढला, तसा पिस्टन दिसला
सायलेन्सरच्या बाजूने ओरखडलेला,
खिळ्यानं भिंत खरवडावी तसा,
रिंग खोबणीतच चिकटून बसलेली.
'उपाशी होतं,' व्हर्ना म्हणाली.
या जातीला तेलाचा वेगळा साठा नसतो,
पेट्रोलच्या घोटाबरोबर येईल तेवढंच,
तेही लगेच जाळून टाकायचं.

मला आमचे वसंतकाका आठवले,
कराडच्या पंपावर, लूनाच्या टाकीत डोकावणारे.
'तेल टाकलंस ना?' दोनदा विचारायचे,
आणि तरीही वास घेऊन बघायचे.
कुणावरच भरवसा नाही.

सिलिंडर एरीहून मोठा होऊन आला,
आत तिरक्या रेघांची जाळी,
बोटाला मांजरपाटासारखी लागणारी.
काजळी मी माझ्याच सुरीनं काढली, मेण कोरायच्या.
रिंगची फट मोजली, पुन्हा मोजली.
सर्क्लिप लावताना खाली चिंधी कोंब, म्हणाली,
नाहीतर टुणकन उडून थेट क्रँकच्या पोटात.
उडालीच. चिंधी होती म्हणून वाचलो.
बाण सायलेन्सरकडे. नट आडवे-तिडवे, थोडे थोडे.
मी किकवर पाय ठेवला.
व्हर्ना म्हणाली, 'उतर.'

तिने दोन्ही तोंडांना रबरी बुचं मारली,
सायकलच्या पंपानं हवा भरली. काटा सहावर.
सहा मिनिटं टिकायला हवी.
दीड मिनिटात काटा तीनवर.
भांड्यांच्या साबणाचं पाणी घेऊन
आम्ही दोघी गुडघ्यांवर.
बुडाचं गॅस्केट, काही नाही.
रीडचा डबा, काही नाही.
मॅग्नेटचं चाक ओढून काढलं, आणि त्याच्यामागे
डाव्या सीलच्या ओठाशी
एक बुडबुडा फुगला.
फुटला.
आणखी एक.

अठ्ठ्याण्णव सालचं रबर, टणक, चिरलेलं.
तिथून वारा आत शिरत होता, घोट पातळ करत.
व्हर्नाने खिडकीतली बरणी उचलली,
उजेडात धरली. पेट्रोल निळसर,
तेल मिसळल्यावरच होतं तसं.
सहा आठवडे मी त्या बरणीशेजारी
चहाचा कप ठेवत होते.

सील अकरा डॉलरचं.
'फोन तू करतेस,' तिने विचारलं, 'की मी करू?'

त्यानेच उचलला. मागे टीव्हीवर कसलीशी मॅच.
मी सांगितलं. बराच वेळ काही नाही.
मग, 'कुठल्या बाजूचं?'
'डाव्या.'
'म्हणूनच रेस सोडली तरी
आवाज चढलेलाच राहायचा,' तो म्हणाला,
'मी सांगितलं होतं.'

मागचा टीव्ही कुणीतरी बंद केला.